गाभाऱ्याच्या काचेवर फिरलेला नमदा

मी एक जुना नमदा आहे. नमदा म्हणजे लोकर दाबून दाबून केलेली जाड चकती. मित्रांनो, ओरखडा घालवायचा म्हटले की तुम्हाला कानस आठवेल, पॉलिशपेपर आठवेल. मी तर मेंढीच्या अंगावरची ऊब! पण काचेवरचा बारीक ओरखडा जातो तो माझ्याच अंगाने, आणि हे मी मान वर करून सांगतो.

सावेडीत राजेश्वरीताईंचे छोटेसे दुकान आहे. तिथे मला ड्रिल मशीनच्या तोंडाला बसवले. ताई काच उजळायची गुलाबीसर पावडर पाण्यात दह्यासारखी कालवतात, माझ्या अंगाला फासतात आणि मला काचेवर फिरवतात. गाड्यांच्या काचा, दुकानांची दारे, शिर्डीच्या एका हॉटेलातला भला मोठा आरसा, सगळीकडे मी राबलो. ताई आधी ओरखड्यावरून नख फिरवून बघतात. नख अडकले, की सरळ सांगतात, "हा जायचा नाही." खोटे बोलून काम घेणे आमच्या दुकानात नाही. कामाच्या वेळी मोबाईलवर कीर्तन लावलेले असते. मृदंगाच्या ठेक्यावर फिरायचे, हे भाग्य किती नमद्यांना लाभले असेल?

यंदा चैत्रात तिसगावजवळच्या एका गावातून बोलावणे आले. विठ्ठल-रुक्मिणीच्या मूर्तींपुढची काच आंधळी झाली होती आणि सप्ताह दुसऱ्या दिवशी बसणार होता. काच दगडी चौकटीत चुन्याने पक्की बसवलेली. काढायला जावे तर फुटणार.

हे झाले कसे? देवळाची झाडलोट बनुबाई करायची. ऊसतोडीहून सहा महिन्यांनी ती परतली, आणि एवढ्या दिवसांची बुडालेली सेवा एका सकाळीच भरून काढायला बसली. चिंच, राख आणि नारळाचा काथ्या घेऊन समया घासल्या, घंटा घासली. सगळे सोन्यासारखे लखलखले. मग त्याच राखेने, त्याच काथ्याने, तितक्याच मायेने तिने काचही घासली!

सप्ताहाचे पुढारी सूर्यभानअण्णा चारचौघांत कडाडले होते, "आजपासून गाभाऱ्यात तुझं पाऊल नको." आम्ही पोचलो तेव्हा ती पायरीखाली उभी होती. कळसाला हात जोडत होती, आत मात्र बघत नव्हती.

राजेश्वरीताईंनी मशीन जोडले. म्हणाल्या, "अण्णा, काचेच्या मागं एक माणूस पाहिजे. नमदा फिरला की काच तापते, फार तापली तर तडकते. मागून तळहात लावून सांगणारं कुणीतरी द्या."

"पोरं बोलावतो की."

"पोरं मोबाईलमध्ये बघतील. त्या बाईंना बोलवा."

"तिला? अहो, तिनंच तर वाटोळं केलंय!"

"म्हणूनच. आता ती डोळ्याची पापणीसुदिक हलवायची न्हाई."

अण्णांनी दाराकडे वळून तिला हाक मारली. बनुबाई बिचकत आत आली, मूर्तींना अंग न लावता बाजूच्या फटीतून काचेमागे सरकली आणि तिने काचेला तळहात टेकवला. मी फिरू लागलो. वर पाण्याचा फवारा, खाली गुलाबी चिखल. एकेक वीत काच उजळत होती. बनुबाई म्हणायची, "ताई, कोमट झाली," की आम्ही थांबायचो. पुन्हा पाणी, पुन्हा फेरा.

दुपार कलली. बाहेर मंडप उभा राहिला, टाळांचे गाठोडे आले. अण्णांचा धीर सुटला. "ताई, जरा जोर लावा! कीर्तनाच्या महाराजांची गाडी निघाली बी."

ताईंनी हात दाबला. विठोबाच्या मुखासमोरचीच ती जागा होती. माझे अंग पोळू लागले, पण मला कुठे बोलता येते?

"थांबा!" बनुबाई ओरडली. "भाजतंय, लई भाजतंय! उचला आधी!"

ताईंनी मला झटक्यात उचलले. अण्णा म्हणाले, "काय एवढं?" आणि त्यांनी समोरून बोट लावले. लावले तसेच मागे घेतले आणि तोंडात घातले. पलीकडे बनुबाईचा तळहात लालबुंद झाला होता, तरी तो तिने काचेवरून काढला नव्हता.

"अगं बाई, हात तरी काढायचा!"

"काढला असता तर निवली का न्हाई कसं कळलं असतं, अण्णा?"

काच आपोआप निवेपर्यंत आम्ही थांबलो. मग मी उरलेले काम हळूहळू, नामस्मरणासारखे संपवले. ताईंनी ओल्या फडक्याने पावडर पुसली. सावळे मुख असे समोर आले, जणू मध्ये काही नव्हतेच. कडेला दोन खोल रेघा राहिल्या. त्या काढायला गेलो असतो तर काच खोलगट होऊन देव वाकडा दिसला असता.

मित्रांनो, घासून घासून मी आता निम्मा उरलो आहे. लोक मला टाकाऊ म्हणोत. पण तुम्ही काचेला राख लावू नका, कोरडी धूळ चोळू नका. आधी पाण्याने धुवा, मग मऊ सुती कापडाने टिपा. आणि मायेच्या हातून चूक झाली, तर त्या हाताला लगेच दाराबाहेर काढू नका.

त्या संध्याकाळी अण्णांनी गाभाऱ्याची किल्ली बनुबाईपुढे धरली. म्हणाले, "पहाटे काकड्याला दार तूच उघड. पर राख घरी ठेव."

"व्हय अण्णा," ती म्हणाली, आणि पोळलेला हात मागे घेऊन तिने दुसरा हात पुढे केला.