चोपन्न गुणांचा विषय

मुंगीने आलेखाचा कागद टेबलावरून मार्गदर्शकाकडे परत सरकवला.

"मला गणित नकोय," ती म्हणाली.

तरुण मार्गदर्शक हसला. कल चाचणीचा निकाल ऐकताना मुलं लाजतात, गोंधळतात, कधी रडतातही, याची त्याला सवय होती. त्याने कागद पुन्हा तिच्याकडे फिरवला आणि पेनाच्या टोकाने गणिताचा उंच निळा खांब दाखवला. बाकीचे खांब त्याच्या गुडघ्यालाही लागत नव्हते.

"अगं, असा कल मी या शाळेत पाहिलेला नाही. पुढच्या वर्षीचे विषय निवडायला तुला डोकं खाजवायचीसुद्धा गरज नाही."

"चाचणीत मला काय येतं ते विचारलं होतं. काय हवंय ते कुठे विचारलं होतं?"

मुंगीच्या बाबांनी खुर्चीत चुळबुळ केली. त्यांच्या शेजारी बसलेली आत्या मात्र हलली नाही. ती बाबांची धाकटी बहीण, त्यांच्याच घरी राहणारी, आणि याच शाळेत वरच्या वर्गांना गणित शिकवणारी. मुंगी बोबडं बोलत होती तेव्हापासून आत्याने तिला जिन्याच्या पायऱ्यांवर, शर्टाच्या बटणांवर, सोललेल्या वाटाण्यांवर आकडे शिकवले होते. पुढे पुढे तर दोघी जेवताना एकमेकींना कोडी घालत आणि मुंगीची आई म्हणे, "तुमचं आटपलं की जरा माणसांच्या भाषेत बोला."

"मग काय हवंय तुला?" मार्गदर्शकाने विचारलं.

"भूगोल."

त्याने गुणपत्रक पाहिलं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"भूगोलात तुला चोपन्न आहेत."

"माहीत आहे. मीच मिळवलेत."

आत्याने तेव्हा कुठे मान वळवली. पोरगी थट्टा करत नव्हती. हनुवटी वर, हात मांडीवर घट्ट. लहानपणी कडू औषध पाजायला चौघं लागत, तेव्हाची ती हनुवटी.

"हिला जरा वेळ द्या," बाबा म्हणाले. "घरी बोलतो आम्ही. आत्याचं ऐकते ती."

आत्याला हे ऐकून बरं वाटलं, कारण तिलाही तसंच वाटत होतं. शिवाय तिच्या पोटात एक गोष्ट होती. हुशार मुलांसाठी गणिताची वेगळी तुकडी काढा म्हणून ती मोठ्या बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिकेच्या, मागे दरवर्षी लागत होती. दरवर्षी मोठ्या बाई "बघू" म्हणत. यंदा त्यांनी मान डोलावली होती. स्पर्धेत शाळेचं नाव काढील अशी एक तरी मुलगी असेल, तरच तुकडी. ती मुलगी कोण, हे दोघींनाही बोलून दाखवावं लागलं नव्हतं. मुंगीला हे सांगायचं आत्याच्या मनात कधी आलंच नाही. नदी उताराकडेच जाणार, तिला कशाला सांगायचं?

संध्याकाळी मुंगी मागच्या पायरीवर बसून बुटांना पॉलिश करत होती. आत्या शेजारी टेकली. दुसरा बूट उचलून तिनेही ब्रश मारायला घेतला.

"कुणी काही बोललं का तुला?"

"नाही."

"कंटाळा आलाय? येतो. मलाही आला होता तुझ्या वयात. महिनाभर वही उघडली नव्हती."

"कंटाळा नाही आलेला, आत्या."

"मग हातचं सोडून पळत्याच्या पाठीमागे का लागतेस?"

मुंगीने ब्रश खाली ठेवला. काळ्या बोटांनी कपाळावरचे केस मागे सारले आणि कपाळभर काळं केलं.

"गणितात प्रश्न वाचून होतो न होतो तोच उत्तर येऊन उभं राहतं. मी काही करतच नाही. लोक शाबास म्हणतात तेव्हा मला वाटतं, कुणाला म्हणताहेत? आणि भूगोलाच्या तासाला मला काही म्हणजे काही कळत नाही. वारे असेच का वळतात, एका डोंगराच्या दोन बाजूंना दोन तऱ्हेची माती कशी. मी सांगते ते चुकतं. मग घरी येईपर्यंत तेच डोक्यात. झोपेतसुद्धा."

"चुकतं म्हणून आवडतं? ही कुठली तऱ्हा?"

"ती माझी तऱ्हा आहे. गणित तुझं आहे, आत्या. तुला आनंद होतो म्हणून मी करत आले. मला तुझा आनंद आवडायचा, गणित नाही."

आत्याच्या हातातला ब्रश थांबला. तिच्या वर्गातली कितीतरी मुलं एका सोप्या समीकरणापुढे डोळ्यांत पाणी आणून बसत, त्यांचे चेहरे तिच्या डोळ्यांपुढून गेले. जिला ताटात वाढून मिळालं होतं ती ताट ढकलून देत होती.

"माज आहे हा," ती म्हणाली.

"असू दे," मुंगी म्हणाली आणि आत्याच्या हातातून बूट काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत आत्या नकाशांच्या खोलीत गेली. भूगोलाचे सर, ज्यांना मुलं पाठीमागे ढगवाले सर म्हणत, एका फाटक्या नकाशाला पाठीमागून चिकटपट्टी लावत होते.

"तुम्ही काय भरवलंत माझ्या भाचीच्या डोक्यात?"

"मी?" सर चिकटपट्टी दातांत धरून म्हणाले. "मी तर तिला नको म्हणून सांगितलं."

"काय सांगितलंत?"

"म्हटलं, बाई गं, तू सरळ गणित घे. माझ्या विषयात तुला गती नाही. वर्गात सगळ्यात जास्त चुका तीच करते. आणि चूक दाखवली की वाद घालते, पुस्तकं काढायला लावते, तास खाते. काल तर म्हणाली, सर, तुमचंही चुकत असेल."

"चुकत होतं का?"

सर थोडे ओशाळले. "थोडंसं. पण तो मुद्दा नाही."

आत्या आली होती ती सरांनी मुंगीला परावृत्त करावं म्हणून. ते त्यांनी आधीच केलं होतं. आता आभार मानून निघायचं, एवढंच उरलं होतं. पण तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"गती नाही म्हणजे? पोरगी भांडून शिकते, तर तुम्ही तिला दार दाखवता?"

"अहो, पण तुम्हीच तर..."

"मी काय म्हणते ते सोडा!"

ती बाहेर पडली तेव्हा सर नकाशा हातात धरून तसेच उभे होते. आपण नेमक्या कुणाच्या बाजूने भांडलो हे जिना उतरताना तिला कळेना, आणि तिचा राग आणखीच वाढला.

आठवडा संपता संपता मोठ्या बाईंनी तिघांना बोलावलं. खोलीत पंखा कुरकुरत होता. काचेच्या कपाटात शाळेला मिळालेले चषक होते, सगळे धावण्याचे आणि खो-खोचे. मार्गदर्शक कोपऱ्यात आलेख घेऊन उभा होता.

"चोपन्न गुणांवर कुणी विषय घेतं का?" मोठ्या बाईंनी मुंगीला विचारलं. आवाज गोड होता.

"मी घेते."

"उद्या पस्तावशील."

"पस्तावले तर मी पस्तावेन. तुम्हाला त्रास देणार नाही."

"तोंड सांभाळ," बाबा म्हणाले.

मोठ्या बाई खुर्चीत मागे टेकल्या. "बरं. तुझ्या आत्याची वेगळी तुकडी मग होणार नाही, एवढं लक्षात ठेव. इतकी वर्षं त्या मागताहेत. तुझ्या भरवशावर मी होकार दिला होता."

मुंगीने वळून आत्याकडे पाहिलं.

"तू सांगितलं नाहीस."

पंख्याची कुरकुर मोठी वाटू लागली. मुंगीची हनुवटी हळूहळू खाली आली. इतक्या दिवसांत बाबांच्या ओरडण्याने, मार्गदर्शकाच्या आलेखाने, आत्याच्या अबोल्याने जे झालं नव्हतं ते या एका वाक्याने झालं.

"घेते मग," ती म्हणाली. "गणित घेते."

बाबांनी मोठा श्वास सोडला. मार्गदर्शक हसला. आत्यालाही क्षणभर, खरं सांगायचं तर क्षणभराहून थोडं जास्तच, आनंद झाला. फळ्यासमोरची ती तुकडी तिला दिसली, पहिल्या बाकावर मुंगी, आणि प्रश्न पुरा लिहून व्हायच्या आत वर झालेला तिचा हात. मग तिने पोरीकडे पाहिलं. मुंगी तिच्याकडे बघून हसत होती. आजारी माणसाला भेटायला गेल्यावर हसतात तसं.

"नाही," आत्या म्हणाली.

"काय नाही?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"मी हिला माझ्या तुकडीत घेणार नाही."

"अहो बाई, मग तुकडीच राहणार नाही."

"नाही तर नाही."

"तुम्ही रागाच्या भरात बोलताय."

"मी रागात नाही." आत्या उठून उभी राहिली. "म्हणजे आहे. पण त्याचा याच्याशी संबंध नाही. भूगोलाला पस्तीस गुण लागतात, हिला चोपन्न आहेत. मी आकड्यांचीच बाई आहे, एवढं मला कळतं. हिला भूगोल द्या."

"माझं तरी कुणी ऐकणार आहे का?" बाबा म्हणाले.

"घरी ऐकू," आत्या म्हणाली.

"घेऊ दे मग भूगोल," म्हणत मोठ्या बाईंनी घंटा वाजवून शिपायाला पाणी आणायला सांगितलं. ते पाणी येईपर्यंत कुणी थांबलं नाही.

बाहेर बाबा ताडताड पुढे निघून गेले. लांबलचक व्हरांड्यात दोघीच उरल्या. वर्गावर्गांतून पाठ म्हटल्याचा गलका येत होता.

"मी घेत होते ना," मुंगी म्हणाली. तिचा आवाज फुटत होता. "मग का नाही म्हणालीस?"

"माझ्यासाठी घेत होतीस. पुरे झालं ते."

"तुझी तुकडी गेली."

"गेली."

आत्याने हे रोखठोक म्हटलं. समजूत घालणारं एखादं वाक्य मुंगीला हवं होतं. आत्याकडे ते नव्हतं. तिला वाईट वाटत होतं, आणि ते लपवायचा तिचा विचार नव्हता.

जिन्यापाशी मुंगी थांबली.

"आत्या, मी नापास झाले तर?"

हा प्रश्न आत्याने या मुलीच्या तोंडून कधीच ऐकला नव्हता. इतर मुलं विचारत तेव्हा ती पाठ झालेलं उत्तर देई, मेहनत कर, मग नाही होणार. ते उत्तर तिच्या ओठांवर आलंही.

"तर नापास होशील," ती म्हणाली.

मुंगीच्या ओल्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं आणि ती दोन दोन पायऱ्या गाळत वर धावली. ढगवाल्या सरांचा तास सुरू झाला होता, आणि उशीर झाल्याबद्दल आता तिथे वाद होणार होता.

आत्याचाही तास होता. तिने वर्गाचं दार ढकललं, मुलं उभी राहिली आणि मग खडखड करत खाली बसली. खडू हातात घेऊन ती फळ्याकडे वळली. लिहायला हात उचलला, पण लिहिलं काहीच नाही.

"आज," ती मुलांकडे पाठ करूनच म्हणाली, "ज्याला काहीच कळलेलं नाही, त्याच्यापासून सुरुवात करू."

मागून एक बाक करकरला, कुणीतरी उभं राहिलं.