न लागणारा फटका

मी पट्टी बोलतेय. शाळेतल्या मास्तरांची नव्हे, बरं का! मी सर्कशीतल्या जोकरची पट्टी.

माझा जन्म केरळात तलश्शेरीजवळच्या एका परसातला. वाऱ्याने पडलेल्या पोफळीच्या दोन पातळ फळ्या तासल्या, मुठीपाशी सुतळीने करकचून आवळल्या आणि दोघींच्या मध्ये बोटभर फट ठेवली. ती फट म्हणजे माझा गळा. मला कुणाच्या पाठीवर, बुडावर मारलं की या दोन फळ्या एकमेकींवर आदळतात आणि आवाज होतो, फटाक! ऐकणाऱ्याला वाटतं, मेला बिचारा! खरं तर मी स्वतःलाच मारून घेते. समोरच्याला गुदगुल्यासुद्धा होत नाहीत.

मला घडवलं कुन्हंबू जोकरने. हा बुटका, गोल पोटाचा. त्याचा जोडीदार चात्तू ताडासारखा उंच. रिंगणात चात्तू कोट घालून साहेब व्हायचा आणि कुन्हंबू त्याचा वेंधळा नोकर. साहेबाने बादली मागितली की हा शिडी खांद्यावर घेऊन यायचा, वळायचा, आणि शिडीचं टोक नेमकं साहेबाच्या टोपीला! मग माझी पाळी. मारणारा चात्तू असला तरी खेळ हाकायचा मार खाणारा. कुन्हंबू खांदे उचलून श्वास ओढायचा, ती खूण. मग फटका, मग ढोल, मग उडी. एवढं जुळायला त्यांना दोन वर्षं लागली होती.

त्यांच्या गुरूने एक नेम घालून दिला होता. पट्टी रिंगणाबाहेर वाजवायची नाही; बाहेर वाजली की आतलं हसू आटतं. कुन्हंबू हा नेम एकादशीसारखा पाळायचा आणि सगळा घोटाळा तिथेच झाला.

त्याची बायको चीरू गावी राहायची. सर्कस आज रांचीला तर उद्या लखनौला, त्यामुळे तिने खेळ कधी पाहिलेलाच नव्हता. नवरा पत्रात हौसेने लिहायचा, "आज चाळीस फटके खाल्ले. लोकांनी तंबू डोक्यावर घेतला." इकडे ती माउली ते पत्र छातीशी धरून रडायची. तो सुट्टीवर आला की आधी त्याची पाठ तपासायची. आमच्याकडे नवऱ्यालाही 'एट्टा', म्हणजे दादा, अशीच हाक मारतात.

"एट्टा, खरं सांगा, कुठं दुखतं?"

"अगं, लागतच नाही तर दुखेल कसं?"

"वळ दिसत नाहीत म्हणजे मुका मार असणार. मग एकदा वाजवून दाखवा ना ती मेली पट्टी!"

"रिंगणाबाहेर? छे! नेम मोडतो."

मी ट्रंकेत पडल्या पडल्या ऐकायची. बोलता आलं असतं तर तेव्हाच बोलले असते.

शेवटी चीरू मुत्तप्पनाच्या देवळात गेली. हात जोडून म्हणाली, "देवा, यांच्या पाठीचा मार सुटेपर्यंत मी मासळी खाणार नाही." मासळी सोडणं म्हणजे काय, ते समुद्राकाठच्या बाईलाच विचारावं. तो घरी आला की त्याला स्वतः तळून वाढायची आणि आपण ताकभात कालवायची. अशी नऊ वर्षं गेली.

दहाव्या वर्षी आमचा तंबू तलश्शेरीतच उभा राहिला. चीरूने सांगून टाकलं, "उद्या दुपारी पुढच्या रांगेत बसून बघते. मार दिसला, की पेटी उचलायची आणि घरी यायचं. कायमचं."

 तिचा शब्द कुन्हंबूने कधी मोडला नव्हता, आणि रिंगणाशिवाय त्याला दुसरं काही येतही नव्हतं. सकाळी तिने त्याची विजार धुऊन, घडी करून हातात दिली. काळजीत त्याने ती तशीच चढवली.

खेळ सुरू झाला. शिडी फिरली, टोपी उडाली, खांदे वर गेले. चात्तूने मला उगारलं आणि...

फुस्स.

माझा गळाच बसला! विजारीच्या बुडाशी मऊमऊ काहीतरी ठासून भरलेलं. ढोलवाला आवाजाची वाट बघत हात वर धरून राहिला. कुन्हंबू मात्र सवयीने आधीच उडी मारून किंचाळला होता. सगळा तंबू चिडीचूप. हजारो माणसं गप्प बसलेली मी पहिल्यांदाच ऐकली.

चात्तू दातांतल्या दातांत म्हणाला, "एट्टा, उशी बांधून आलात की काय?"

"मी नाही रे! हाण अजून एक."

दुसऱ्या फटक्याला शिवण उसवली आणि सावरीचा कापूस भसाभस बाहेर पडला. दिव्यांखाली पांढरी म्हातारी उडावी तसा तरंगू लागला. चात्तूच्या नाकात गेला. साहेब शिंकले आणि हशा फुटला. कुन्हंबूने उसवलेली शिवण चाचपली. हिरवा दोरा! हिरव्या दोऱ्याने शिवणारी त्याच्या घरात एकच होती.

तो तडक पुढच्या रांगेपाशी गेला. चीरू तोंडावर हात धरून बसली होती. त्याने कमरेत लवून नमस्कार केला, तिला हाताला धरून रिंगणात आणलं आणि मला तिच्या हातात ठेवलं. चात्तू लगेच वाकून उभा राहिला.

"मारा, एट्टत्ती," तो वहिनीला म्हणाला.

 तिने मला नुसतं टेकवलं. फट!

"लागलं का हो?"

"देवाशपथ नाही. जरा दमाने घ्या, ढोलवाला झोपलाय."

फटाक! ढोल वाजला, चात्तूने कोलांटी मारली. चीरू माझ्याकडे बघतच राहिली. मग अशी हसली म्हणून सांगू! हसता हसता नवऱ्याकडे वळली.

"नऊ वर्षं! नऊ वर्षं मासळी सोडली मी तुमच्यापायी!"

फटाक! फटाक! फटाक! तो पुढे, ती मागे, रिंगणाला तीन फेऱ्या. त्या दिवसासारखं हसू मी पुन्हा ऐकलं नाही.

घरी जाताना ती मुत्तप्पनासमोर उभी राहिली. "देवा, तू नवस कधीच पुरा केला होतास. मलाच ऐकू आलं नाही." मग तिने तारली मासळी तळली आणि पहिल्यांदाच आपलं ताट आधी वाढून घेतलं. विजारीतला कापूस मात्र खेळात कायमचा राहिला. दर महिन्याला घरून सावरीचं एक बोचकं यायचं.

आता कुन्हंबू थकलाय. माझीही एक फळी चिरलीय. चीरूच्या देवघरात, दिव्याच्या बाजूला मी असते. विषूच्या, म्हणजे आमच्या नववर्षाच्या, पहाटे देवापुढे शुभदर्शनाची कणी मांडतात, तीत फुलांबरोबर मीही असते. मग चीरू अंगणात तांदळाच्या पिठाचं मोठं रिंगण काढते. नेम मोडायला नको ना! दोघं आत उभी राहतात, मी चीरूच्या हातात. म्हातारा खांदे उचलून श्वास ओढतो.

तुमच्या घरातही हसवणारं कुणी असेल. "कुठं लागतं का?" असं त्याला जरूर विचारा, पण "नाही" म्हणाला तर एकदा त्याच्या रिंगणात जाऊन बघा.

फटाक! ऐकलंत? अजून वाजते मी.