तळ्याकाठी अर्धा तास

काका त्या दीडशे वर्षं जुन्या वनस्पतीबागेत अडतीस वर्षं माळी होते, आणि त्या अडतीस वर्षांत काकूंनी बाग पाहिली ती फक्त काकांच्या धुवायला टाकलेल्या पँटच्या गुडघ्यांवर. रविवारी बागेत गर्दी, म्हणून रविवारी हमखास ड्यूटी. निवृत्तीनंतर काकूंनी हट्टच धरला: एकदा पाहुण्यांसारखं जायचं आणि कमळांच्या तळ्याकाठी, बाकावर, अर्धा तास शेजारी शेजारी बसायचं. बाकी काही नको.

तीनला आत शिरले. साडेचार वाजले तरी तळं काही येईना. आधी काकांना एक गळका नळ दिसला. मग काचघरात नेच्यांच्या पाट्यांची अदलाबदल झालेली दिसली. त्या उपटून जागच्या जागी खोचून होईपर्यंत काकू घामाने निथळल्या. मग गुलाबाच्या वाफ्यात तण.

"अहो, आता ही बाग तुमची नाही!"

"एवढंच उपटतो, आलोच."

हे "आलोच" काकूंच्या चांगलंच ओळखीचं होतं. त्याच्या भरवशावर त्यांनी दोन बाळंतपणं एकटीने काढली होती. त्यांचं डोकंच फिरलं. त्या वाकलेल्या पाठीला कोपरापासून हात जोडून त्या तडक तळ्यावर गेल्या आणि बाकावर पर्स आपटून बसल्या. रडू येत होतं, पण राग त्याहून जास्त होता.

पाच वाजता बाग बंद व्हायची घंटा झाली. पाठोपाठ मागून खणखणीत आवाज. काका, सवयीनं, तळ्याकाठच्या लोकांना उठवत निघाले होते. एक जोडपं उठलं, पोरं पळाली. हातातल्या तणाची माती झटकत, वर न बघताच ते पुढच्या बाकापाशी आले.

"चला ताई, उठा. बाग बंद झाली."

काकूंनी मान वर केली. "ताई?"

काकांच्या हातातलं तण गळून पडलं.

"मी उठणार नाही," काकू म्हणाल्या. "मला उचलून बाहेर टाका. मी इथे बसायला आलेय, आणि एकटीनं बसायला नाही."

काका ओशाळून उभे राहिले. तेवढ्यात खरा पहारेकरी शिट्टी फुंकत आला. "काका, चला की! तुम्हाला तर सगळं पाठ आहे."

"पाठ आहे म्हणूनच सांगतो," काका म्हणाले. "आधी काचघराकडून सुरुवात कर. तिकडची माणसं निघायला अर्धा तास लागतो."

आणि पँट झटकून ते काकूंच्या शेजारी बसले.