थोरलीसाठी दोन मिनिटं

मी भांडायच्या तयारीनेच शाळेत गेले. अर्धी बाही मशीनवर तशीच सोडून. गळ्यात टेप लोंबतेय, हे फाटकाशी पोचल्यावर कळलं.

समुपदेशक बाईंचा फोन आला होता. महिन्यापूर्वी त्यांनी मोठ्या वर्गांतल्या सगळ्या मुलांकडून प्रश्नांचा एक कागद भरून घेतला होता. झोप लागते का, कशाची धास्ती वाटते, असलं काहीबाही. तसेच कागद आईवडिलांनी भरायला घरीही आले होते. आता म्हणे, थोरलीबद्दल बोलायचंय.

थोरलीबद्दल! धाकटीबद्दल म्हणाल्या असत्या तर मी मान खाली घालून ऐकलं असतं. ती घुमी, दहा वेळा विचारावं तेव्हा एकदा बोलणार. थोरलीचं तोंड दिवसभर मिटत नाही. बापाच्या घोरण्याची नक्कल करते, माझ्या चिडण्याची तर विचारूच नका.

"तुमच्याकडून कागदांची अदलाबदल झालीय," बसायच्या आधीच मी सुनावलं. "आडनाव एकच. होतं असं. परत बघा."

बाई चिडल्या नाहीत. त्याचाच मला जास्त राग आला.

"दोनदा बघितलं," त्या म्हणाल्या. "तिने काय लिहिलंय ते तिचं आहे, मला दाखवता येणार नाही. पण तुमचा कागद दाखवते."

वरपासून खालपर्यंत एकाच रांगेत खुणा: कधीच नाही, कधीच नाही, कधीच नाही. मला आठवलं. धाकटीचा कागद भरायला मी अर्धा तास घेतला होता, एकेका प्रश्नावर थांबून. थोरलीचा उभ्या उभ्या दोन मिनिटांत उरकला. तिचं काय विचारायचंय, म्हटलं.

"तिच्या आणि तुमच्या उत्तरांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे," बाई म्हणाल्या.

"म्हणजे आजारी आहे ती?"

"नाही."

"मग बरी आहे ना?"

"तसंही नाही म्हणता येत. पुढे मनाचा त्रास होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त दिसतोय. कदाचित होणारही नाही."

"अहो, धड काय ते एक सांगा की!"

त्यांनी सांगितलं. दर बुधवारी, दहा आठवडे, चार-पाच मुलींचा गट घेऊन त्या बसणार. कुणाला झोपेची घडी बसवायला मदत लागते, कुणाला भीतीशी कसं वागायचं ते शिकावं लागतं. जिला जे हवं, तिला ते. त्यासाठी माझी सही हवी. मी ऐकलं सगळं, पण डोक्यात काही शिरेना. न उसवलेल्या कपड्याला टाका घालायचा तरी कुठे? फॉर्म पर्समध्ये कोंबून घरी आले.

दुपारी थोरली आली. मी टेप गळ्यात घालून शाळेत गेले, हे तिला कुणीतरी सांगितलं होतं. दप्तर ठेवायच्या आधीच तिने माझी चाल करून दाखवली. धाकटीसुद्धा हसली.

"पुरे!" मी ओरडले. धाकटी उठून आत गेली. मग मला दुसरं काही सुचलंच नाही. "तुला कधी रडू येतं का गं?"

ती थांबली. "येतं."

"कधी?"

"आंघोळीला गेले की. नळ सोडून."

रोज सकाळी मीच बाहेरून ओरडते, किती पाणी सांडतेस म्हणून.

"मग मला सांगायला काय झालं होतं? मी मेले होते का?"

"तुला धाकटीची काळजी असते ना," ती म्हणाली. "एकीने तरी बरं असायला नको का?"

मला रडू आलं, आणि तिच्यासमोर रडायचं की नाही तेही कळेना. फॉर्म काढला, सही केली. काय समजून केली, ते विचारू नका. बुधवारी तिला सोडायला मीच जाणार, एवढं मात्र तिला सांगितलं.

ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"आई, मी आता हसले तर तुला खरं वाटेल?"

मी हो म्हणायला तोंड उघडलं, आणि तोंडून निघालं, "विचारून बघेन."