सुरुंगाचं कार्ड

साहेबांनी ‘स’चा खण मागवलाय, हे शिपायाच्या तोंडून ऐकलं आणि कार्डवाल्या ताईंना त्यातलं एकच कार्ड आठवलं. शब्दकोशाच्या या कचेरीत अकरा वर्षं त्यांचं एकच काम होतं. कानावर पडलेलं वाक्य कार्डावर उतरवायचं आणि मागे ते कोण, कधी, कुठे बोललं ते लिहायचं. मनचं वाक्य चालायचं नाही, हा साहेबांचा, म्हणजे मुख्य संपादकांचा दंडक.

‘सुरुंग लावणे’ची नोंद जवळजवळ झाली होती. मूळ लिहून झालं होतं: किल्ल्याच्या तटाखाली खणलेलं भुयार, मग त्यात ठासलेली दारू. अर्थही झाला होता: एखाद्याची सत्ता आतून, त्याच्या नकळत खिळखिळी करणे. राहिला वापर, आणि तो ताईंच्या कार्डावर होता. ‘मी साहेबांना विरोध करतच नाही, नुसती मान डोलावतो. सुरुंग असाच लावायचा असतो.’ मागे त्यांच्याच वळणदार अक्षरात: उपसंपादक, चहाच्या वेळी.

उपसंपादक म्हणजे ताईंचे भाऊजी, थोरल्या बहिणीचे यजमान. ही नोकरीसुद्धा त्यांच्याच शब्दावर लागलेली. भाऊजींच्या जिभेला हाड नव्हतं हे खरं, पण ताईंच्या हाताला तरी कुठे लगाम होता? ऐकलं की लिहिलं. आता भाऊजींना घरी बसवलं, तर बहिणीला कोणत्या तोंडाने भेटायचं?

जेवणाच्या सुट्टीत, खण साहेबांकडे जाण्याआधी, डबा न उघडता त्यांनी ब्लेडने मागची ओळ खरवडली आणि तिथे लिहिलं: अनोळखी गृहस्थ, बसथांबा. अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्यांचं अक्षर वाकडं आलं.

तीन वाजता बोलावणं आलं. साहेबांनी कार्ड खिडकीकडे धरलं होतं. खरवडलेल्या जागेतून उजेड दिसत होता.

"हे गृहस्थ बसथांब्यावर भेटले?"

"हो, साहेब."

"कमाल आहे. हेच वाक्य उपसंपादकांनी मला इथे बसून ऐकवलं होतं. ताईंनी लगेच टिपून घेतलं म्हणाले. दोघंही पोट धरून हसलो."

म्हणजे भाऊजींना काही होणार नव्हतं. ताईंचा जीव भांड्यात पडला, पण साहेब आज हसत नव्हते.

"तुमची एकूण कार्डं किती?"

"असतील अकरा-बारा हजार."

"सगळी बाजूला काढा. छापायला जाणार नाहीत."

ताई टेबलाजवळ सरकल्या. "साहेब, हे एकच हो. भाऊजींसाठी केलं. बाकीची सगळी खरी आहेत, शपथ घेऊन सांगते."

"असतीलही," साहेब म्हणाले. "पण आता मला कसं कळणार?"

ते टोचून बोलत नव्हते, खरंच विचारत होते. चष्मा काढून ते उत्तराची वाट बघत बसले.