काठीने दाखवलेला माणूस

चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. धान्याचं कोठार जळलं, त्यात कोठारवाल्याच्या दोन्ही मुली गेल्या, तेव्हापासून सगळं शहर धुमसत होतं. राजाने आग लावणाऱ्यावर इनाम लावलं, आणि इनाम म्हटल्यावर इनामी शिकारी आलेच. फरारी गुन्हेगार धरून द्यायचा आणि बक्षीस खिशात घालायचं, हा त्यांचा धंदा. पण हे तिघे साधेसुधे नव्हते. त्यांच्याकडे जादूची काठी होती.

"ड्रॅगनच्या बरगडीची आहे, बरगडीची!" म्होरक्या घसा ताणून ओरडत होता. "अग्निसर्पाच्या रक्तात भिजवलेली! हिच्यापुढे खोटं बोलेल त्याची जीभ झडेल!"

जीभ झडलेला एखादा माणूस नमुन्याला बरोबर का आणला नाही, असं कुणीच विचारलं नाही. सगळ्यांचे डोळे काठीच्या टोकाकडे होते. तिथे बारीक साखळीवर चांदीचा एक साप टांगला होता. गुन्हेगार समोर आला की हा साप म्हणे त्याच्यावर झेपावायचा.

"अंगावरचं लोखंड काढा! लोखंडाने काठीला विटाळ होतो!"

तिघांतला जाड्या रांगेतून फिरत चाकू, किल्ल्या, पट्ट्यांची बक्कलं गोळा करू लागला. कुणाच्या पाठीवर थाप मारी, कुणाचा खिसा स्वतःच चाचपून बघे. तिसरा ढोल बडवत होता.

डॉक्टरीणबाई दवाखान्याच्या दारातून हे सगळं बघत होत्या. काठ्या-बिठ्यांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. रांगेत त्यांचा धाकटा भाऊ उभा होता, बेकरीतला पिठाळ एप्रन तसाच अंगावर. त्याला पाहून त्यांना हसूच आलं. आपल्या भावाला मुंगी मारवत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

साप एकेकापुढून गेला. भावापुढे आला, थरथरला आणि सरळ त्याच्यावर झेपावला.

चौकातून एकच आरोळी उठली. भावाचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने सापाकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "मग मीच असेन."

कोतवालाने ते शब्द तिथल्या तिथे कबुली म्हणून धरले. त्या राज्यात कबुलीपुढे ना पुरावा चाले, ना साक्ष.

दुसऱ्या दिवशी बाई कोठडीत धुतलेले कपडे देऊन भावाचा एप्रन घरी घेऊन आल्या. पाण्यात टाकण्याआधी खिसा झटकला, तर आतून लोखंडाचा एक चपटा तुकडा खाली पडला. पाव भाजणाऱ्याच्या खिशात लोखंड कशाला? त्यांना जाड्याचा तो चाचपणारा हात आठवला. लोहाराच्या डोळ्यात कण गेला की बाई तो चुंबकाने ओढून काढत. तोच चुंबक त्यांनी तुकड्याजवळ नेला. टक्‌कन चिकटला. बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला.

चौकात म्होरक्याचं दुकान जोरात चाललं होतं. हरवलेली गाय, पळालेला जावई, सगळं काठी सांगत होती.

"एकदा आमच्या कोतवालसाहेबांपुढेही फिरवा," बाई म्हणाल्या. "ते किती स्वच्छ आहेत, ते लोकांना कळू दे."

कोतवाल छाती काढून पुढे आला. बाईंनी त्याचा अंगरखा नीटनेटका केला. म्होरक्या काठी घेऊन आला, आणि साप कोतवालाच्या खिशावर असा झेपावला की कोतवाल किंचाळलाच.

हसण्याचा नुसता धबधबा. बाईंनी त्याच्या खिशातून तुकडा काढून सगळ्यांना दाखवला. मग सापाचं डोकं दगडावर आपटून फोडलं. आत काळा चुंबक होता. "सगळ्यांचं लोखंड काढून घ्यायचं आणि हव्या त्या माणसाच्या खिशात तुकडा टाकायचा. एवढीच ही बरगडी."

लोकांनी तिघांनाही बदडत कोठडीत नेलं. कोतवाल घाम पुसत म्हणाला, "काठी खोटी, मान्य. पण कबुली त्याच्या तोंडची आहे. त्याने ती मागे घ्यावी, आत्ता सोडतो."

बाई धावतच भावाकडे गेल्या. "चल घरी! काठी खोटी निघाली. तू फक्त नाही म्हण."

भाऊ जागचा हलला नाही. "काठी खोटी असेल, ताई. पण आग लागली त्या दुपारी मला फेफरं आलं होतं. शुद्धीवर आलो तेव्हा भट्टीपाशी पडलो होतो. मधलं काही आठवत नाही. झटक्यातलं आठवत नसतं, हे तूच सांगितलंस ना?"

"अरे वेड्या, आठवत नाही म्हणजे काही केलं असं नाही! झटक्यात माणसाला पेला धरता येत नाही. तू कोठाराचं कुलूप काढून आग कशी लावशील?" बाई म्हणाल्या."

"मग कुणी लावली?"

कुणाचंही नाव घेता आलं असतं. बाईंना ते जमलं नाही. "माहीत नाही."

"बघ. तुला माहीत नाही. काठीला माहीत होतं." त्याने बहिणीचा हात धरला. "कोठारवाल्याची बायको आली होती गं. मला शिव्या दिल्या आणि इथेच भिंतीला टेकून झोपली. आग लागल्यापासून तिचा डोळा लागला नव्हता म्हणे. मी नाही म्हटलं तर ती पुन्हा कशी झोपेल?"

बाई त्याच्या पाया पडल्या. बेकरीच्या मालकाला घेऊन आल्या. हा दुपारभर भट्टीपाशीच पडून होता, हे त्याने शपथेवर सांगितलं. भाऊ सगळ्यांचं ऐकून घेई, मान हलवी आणि शेवटी तेच म्हणे. कबुलीवरचा विश्वास ही त्या शहराची दुसरी काठी होती. ती कुणी फोडली नाही. भाऊ फासावर गेला.

नंतर बेकरीच्या मालकाची शपथ सगळ्यांना सलू लागली, आणि लोक खाली मान घालून दवाखान्यात आले. त्यांत कोठारवाल्याची बायकोही होती. रडून रडून तिचा आवाज बसला होता.

"डॉक्टरीणबाई, मग आग लावली तरी कुणी? मी आता कुणाला शिव्या देऊ?"

"माहीत नाही, वहिनी." बाई तिच्याशेजारी बसल्या आणि दोघीही पोटभर रडल्या. मग बाईंनी डोळे पुसले. "सापाच्या डोक्यातला चुंबक मला सापडला. माझ्या भावाच्या डोक्यातली काठी काही काढता आली नाही. तो मला उत्तर मागत होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुम्हीही सगळे उत्तरच मागायला चौकात जमला होता. पुन्हा कुणी काठी घेऊन आलं, तर आधी ती हातात घ्या, फोडून बघा. कुणी स्वतःवर गुन्हा ओढून घेतला, तरी त्याला विचारा, कशावरून? आणि उत्तर मिळालं नाही, तर माहीत नाही म्हणा आणि शोधत राहा. त्या दोन शब्दांनी कुणी फासावर जात नाही."