सोमीचा फेरा

मी एक घुंगरकाठी बोलतेय. घाईत असाल तरी जरा थांबा, माझी गोष्ट काही लांब नाही.

सिद्धगडाच्या पायथ्याला बांबूच्या एका बेटात मी साधा बांबू होते. पाड्यावरच्या नवसूने मला तोडलं, विस्तवावर शेकून सरळ केलं आणि मुरबाडच्या बाजारातली सात घुंगरं माझ्या माथ्याशी बांधली. काम सोपं. लखमा दुधी भोपळ्याचा तारपा फुंकी, त्याच्याभोवती बाया-बाप्ये एकमेकांच्या कमरेला हात घालून फेरा धरीत. पुढे नवसू. त्याने मला जमिनीवर आपटलं की मी छन् म्हणे, आणि पन्नास पाय एकदम उचलले जात.

पण आमच्या पाड्यावर रीत आहे. नवा भात तोंडात पडेपर्यंत तारपा वाजत नाही, मीही नाही. अवेळी वाजलं तर पीक जातं म्हणतात. त्यामुळे पावसाळाभर मी आढ्याला गप्प.

अडतीस साली नवसूची बायको सोमी तापाने महिनाभर पडली. उठली तेव्हा उजवा पाय फरफटत होता. भाताच्या आवणीला ती बांधावर बसून राहिली. तिला धास्ती एकच, यंदा फेऱ्यात जागा मिळेल का? एकाचा पाय चुकला तर सगळी साखळी कोलमडते.

"हिलाच धरून चाल," म्हणत नवसूने मला खाली काढलं आणि घुंगरांवर फडकं करकचून बांधलं.

खरं सांगते, मला राग आला. नाचाची काठी मी, टेकायची नव्हे!

एके दिवशी बांधावर फडकं सुटलं. छन्! सोमी दचकली. पुन्हा टेकली, पुन्हा छन्, आणि पाय उचलला गेला. तशी चार पावलं झाली नाहीत तोच शेजारच्या शेतातून म्हातारी बाईजा ओरडली, "गो सोमे, भात गुडघ्याएवढा नाय आन् तू वाजवतंस? समद्यांचा घास घालवशील!"

"आत्ये, ही वाजली तवा पाय उचलला गो. बघ तरी!"

बाईजाने पायाकडे पाहिलं, मग आभाळाकडे. "काठी वाजवायची नाय. तोंडाला कुणी बंदी केलीय?"

झालं! सोमीने माझं फडकं पुन्हा बांधलं. ओढ्यावर जाताना छन्, गोठ्यात जाताना छन्. तोंडातून आवाज निघे आणि त्याच्याबरोबर पाय उठे. मन चुलीवरच्या भाकरीकडे गेलं की पाय फरफटे. आवाजात राहिलं की अलगद उठे. हळूहळू तिची मानही ताठ झाली, झोपही लागू लागली.

लखमा चिडवी, "वैनी, तोंडानंच समदा नाच केलास तर माझ्या तारप्याला कोण इचारील?"

"तू आदी नीट फुंकाया शीक!"

भादव्यात तिने मला आढ्याला परत टांगलं. आनंद झाला मला. थोडं वाईटही वाटलं.

नवा भात खाल्ला, माझं फडकं सुटलं, फेरा सुरू झाला. सोमी साखळीच्या मधोमध होती. दोन फेरे छान झाले. मग लखमाने चाल वाढवली. सोमीचा पाय मागे राहिला, साखळीला हिसका बसला. तिने शेजारणीच्या कमरेवरचा हात काढला. बाहेर पडणार, तेवढ्यात नवसूने वळून पाहिलं.

मी त्याच्या हातात वर होते. जलद ठोका द्यायची वेळ. हात तिथेच थांबला. मग त्याने मला सावकाश खाली आणलं. छन्.

लखमाने डोळे वटारले. पुन्हा सावकाश, छन्. शेवटी त्याने गाल फुगवले आणि चाल उतरवली. शेजारणीने सोमीचा हात ओढून पुन्हा आपल्या कमरेवर ठेवला. पन्नास पाय सोमीच्या पायाबरोबर उठू लागले. त्या संथ फेऱ्यात मला पहिल्यांदाच ऐकू आलं, माझ्या दोन ठोक्यांच्या मधे पंचवीस माणसं एकदम श्वास घेतात.

"आज भात जास्त झाला काय रे?" बाईजा बाहेरून म्हणाली, आणि स्वतःच फेऱ्यात शिरली.

त्याला आता आठ वर्षं झाली. माझी चारच घुंगरं उरलीत, बुडखा चिरलाय. सोमी हल्ली सगळ्यांत चपळ. तरी दरवर्षी पहिला फेरा त्याच संथ चालीचा असतो, आणि लखमा न सांगता तशीच फुंकतो.

तुमच्या हातात काठी नसेल. पाय तर आहेत ना? एकदा सावकाश टाका आणि तोंडाने छन् म्हणा. कुणी हसलं तर त्यालाही फेऱ्यात घ्या.